शेततळ्याचा कागद फाटतो कुठे?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणारा रस्ता कांचनवाडी मागे टाकून बिडकीनच्या शिवारात शिरतो, तेव्हा शेतांमध्ये मधूनच चौकोनी भराव उठलेले दिसतात. भरावाच्या कडेवरून काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकची किनार बाहेर डोकावत असते. शहरातून येणाऱ्यास ते एखाद्या फार्महाऊसचे पोहण्याचे तळे वाटावे, असाच त्याचा थाट असतो. प्रत्यक्षात ती शेततळी आहेत आणि त्यांच्यातील पाण्यावर मोसंबीच्या बागांचा उन्हाळा अवलंबून असतो. याच परिसरातील ७,८५५ एकरांवरील बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्या प्रकल्पाची चर्चा सर्वत्र होते. शेजारच्या शेतातील अर्ध्या मिलीमीटर जाडीच्या कागदाची मात्र फारशी कोणी दखल घेत नाही.

पैठणचे जायकवाडी धरण येथून जवळच असताना या शेतांना तळ्यांची गरज का भासावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर जमिनीच्या चढउतारात आहे. पैठणहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना जमीन सतत चढत जाते. कालव्याचे पाणी उताराने धावते. ते धरणाच्या खालच्या मुलखाला मिळते, वरच्या शिवारांना नाही. त्यामुळे नाथसागर जवळ असूनही येथील बागाईत विहिरी आणि विंधनविहिरींवर उभी राहिली. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या आटल्या, तेव्हा औरंगाबाद आणि जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. ज्या झाडाला फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, ते एका उन्हाळ्यात जळून जाते. पावसाळ्यात पाणी साठवून ते मेपर्यंत राखण्याची निकड त्यातून निर्माण झाली आणि शेततळ्याला, पर्यायाने त्याच्या अस्तराला, महत्त्व आले.

एका तळ्याचे गणित

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे शेततळ्याचे सर्वपरिचित माप. बाजूंचा उतार एकास एक ठेवला, तर तळाशी २४ बाय २४ मीटरचा चौकोन उरतो आणि तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो. पण सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या मोसंबीची एकरात साधारण ११२ झाडे बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला १०० लिटरच्या आसपास पाणी धरले, तर एका एकराला रोज ११ हजार लिटरहून अधिक पाणी लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या १२० दिवसांत हे प्रमाण साडेतेरा लाख लिटरच्या घरात जाते.

उरलेले पाणी सूर्य नेतो. दिवसाला ८ मिलीमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज सात हजार लिटर पाणी उडते. पातळी उतरते तसा पृष्ठभागही आक्रसतो, तरीही चार महिन्यांत सहा लाख लिटरचा हिशेब होतो. कागद सांभाळण्यासाठी तळाशी फूटभर पाणी राखून ठेवावे लागते, ते वेगळेच. थोडक्यात, नऊ गुंठ्यांचे तळे एकरभर बागेला जेमतेम पुरते. गळतीसाठी या हिशेबात जागाच नाही.

बोटाएवढ्या, म्हणजे सेंटीमीटरभर व्यासाच्या छिद्रावर दोन मीटर पाणी उभे असेल आणि खाली पाणी मोकळेपणाने मुरणारा मुरूम असेल, तर त्या एका छिद्रातून दिवसाला २५ हजार लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते. बागेच्या रोजच्या गरजेच्या दुपटीहूनही हे अधिक आहे. खाली चिकणमाती असेल तर गळती पुष्कळच कमी होते. एकाच दुकानातून, एकाच गुंडाळीतून आणलेला कागद एका शेतात टिकतो आणि दुसऱ्या शेतात दगा देतो, त्याचे अर्धे कारण येथे आहे.

भार कोण पेलतो?

अस्तराविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, पाणी कागदावर उभे असते. तीन मीटर पाण्याचा तळावर दर चौरस मीटरला तीन टन भार पडतो. अर्ध्या मिलीमीटरच्या प्लास्टिकने तो पेलावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. कागदाचे काम पाणी अडवण्याचे. भार घेते ती त्याच्याखालची जमीन. कागद आणि जमीन जेथे एकमेकांना पूर्ण टेकलेली असतात, तेथे कागदावर ताण जवळजवळ येतच नाही. जेथे खाली पोकळी, भेग किंवा टोकदार खडा असतो, तेथे मात्र कागदाला एकट्याने झुंजावे लागते आणि तो तेथेच फाटतो.

जमिनीवर उभारलेल्या गोल टाक्यांमध्ये हे अधिक स्पष्ट दिसते. पत्र्याची किंवा लोखंडी जाळीची गोल भिंत उभी करून आत ताडपत्रीसारखे जाड अस्तर सोडतात. मत्स्यपालनासाठी अशा टाक्या वापरल्या जातात आणि परदेशांत घराच्या अंगणातील पोहण्याचे तळे अनेकदा याच पद्धतीचे असते. चार मीटर व्यासाच्या आणि १.२ मीटर उंच टाकीत १५ हजार लिटर पाणी राहते. ते पाणी भिंतीला बाहेर ढकलते, भिंत त्याला अडवते आणि अस्तर दोहोंच्या मध्ये केवळ निपचित पडून असते. जाळीच्या तारेचे एखादे टोक आत वळलेले राहिले किंवा तळाखालची वाळू एका बाजूने खचली, की कितीही महागडे अस्तर असो, त्याचे आयुष्य तेथेच संपते. शेततळ्यात भिंतीची जागा मातीचा उतार घेतो, एवढाच काय तो फरक.

कागदाची निवड

दुकानात पहिला प्रश्न मायक्रॉनचा असतो. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलीमीटर. शासकीय अनुदानाच्या शेततळ्यांसाठी ५०० मायक्रॉनचा, भारतीय मानक १५३५१ नुसार बनवलेला कागद वापरला जातो. हे मानक विणलेल्या एचडीपीई कापडावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर चढवलेल्या अस्तरासाठी आहे. विणीमुळे असा कागद सहसा ताणत नाही आणि एकदा चीर पडली तरी ती धावत जात नाही. एकसंध, बिनविणीचा कागद यंत्राने जोडायला सोपा आणि खाचखळग्यांत नीट बसणारा असतो. मात्र उन्हाने तो बराच फुगतो आणि गारव्याने आक्रसतो. पीव्हीसीचे अस्तर मऊ असते, कोपऱ्यांत छान वळते, म्हणूनच पोहण्याच्या तळ्यांत त्याला पसंती मिळते. परंतु त्यास मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हात हळूहळू निघून जातात आणि मग ते कडक होऊन तडकते. मराठवाड्याच्या उन्हात, सावलीविना, वर्षानुवर्षे राहायचे असेल तर पॉलिइथिलीनचाच कागद श्रेयस्कर.

छापील जाडीवर विसंबून चालत नाही. बिनविणीच्या एचडीपीई कागदाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, ०.९४ ते ०.९५ असते. त्यामुळे खऱ्या ५०० मायक्रॉन कागदाच्या एक मीटर बाय एक मीटर तुकड्याचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. किराणा दुकानातील काटासुद्धा यासाठी पुरेसा आहे. वजन ३५० ग्रॅम भरले, तर जाडीही त्याच प्रमाणात कमी आहे हे उघड आहे. विणलेल्या कागदाच्या बाबतीत मानकाचा शिक्का, उत्पादकाचे नाव आणि तुकडीचा क्रमांक कागदावरच छापलेला आहे की नाही, हे पाहावे. नुसत्या बिलावरील उल्लेखाला फारसा अर्थ नाही.

रंगाचा मुद्दा दिखाऊ वाटला तरी तसा नाही. काळेपणा येतो तो प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या काजळीसारख्या कार्बनच्या बारीक कणांमुळे. दोन ते अडीच टक्के कार्बन असला, की तो अतिनील किरणे शोषून घेतो आणि प्लास्टिकच्या साखळ्या तुटण्यापासून वाचवतो. निळा किंवा पांढरा कागद कमी तापतो हे खरे, पण त्यात उन्हापासून संरक्षण देणारी वेगळी रसायने पुरेशी घातली आहेत की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. पुनर्वापराच्या प्लास्टिकचा कागदही काळाच असतो आणि नवा असताना चकाकतो. त्याचा एक तुकडा वारंवार घडी घालून दाबला असता घडीवर पांढरट रेघ उमटून तो लवकर चिरतो. नाकाला जळकट वासही येतो. हमीपत्र दहा वर्षांचे आहे की पाच, यापेक्षा ते कोणत्या दोषाला लागू आहे, हे वाचणे अधिक उपयोगाचे. उंदराने कुरतडणे, दगड लागणे, तळे कोरडे राहणे या गोष्टी हमीत सहसा बसत नाहीत, आणि बहुतेक तळी नेमकी याच कारणांनी जातात.

आधी जमीन

बिडकीन परिसरात वरती काळी माती आणि खाली मुरूम अशी जमीन ठिकठिकाणी आढळते. काळी माती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तळ्याच्या आतल्या उतारावर ती तशीच राहिली, तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कागदामागे भेगा पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाण्याचा भार कागदाला त्या भेगांत ढकलतो. मुरूम फुगत नाही, पण त्यातून टोकदार खडे वर येतात. काळ्या मातीत उतार एकास दीडपेक्षा उभा ठेवू नये. त्यासाठी पाण्याचा थोडा साठा सोडून द्यावा लागला तरी हरकत नाही. त्याच ३० बाय ३० मीटर जागेत दीडपट उतार घेतल्यास साठा १,९७१ घनमीटर होतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास घट. ढासळलेल्या उताराची किंमत याहून कितीतरी अधिक असते.

खोदलेली माती चारी बाजूंना नुसती ढकलून जेसीबी निघून जाते, तेथेच भविष्यातील गळतीची सुरुवात होते. भराव वीतभर थरांनी, पाणी मारून, दाबत चढवायला हवा. तसा न केलेला भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत खचतो आणि त्याबरोबर कडेला पक्का गाडलेला कागद ताणला जातो.

त्यानंतरचे काम यंत्राचे नाही, माणसांचे आहे. दगड, मुळ्या, ढेकळे वेचायची, खड्डे भरायचे, उतार दाबून गुळगुळीत करायचा आणि त्यावर चाळलेल्या मातीचा चार-सहा इंचांचा थर द्यायचा. हे नीट झाले की नाही, याची सोपी कसोटी अशी की, तळावरून आणि उतारावरून अनवाणी चालता यावे. पायाला जे टोचते, ते तीन मीटर पाण्याखाली कागदालाही टोचणारच. चांगली माती नसेल तर जाड नमद्यासारखे कृत्रिम कापड खाली अंथरतात. काहीजण पैसे वाचवण्यासाठी गव्हाचा भुसा किंवा कडबा पसरतात, पण त्याने उंदरांना आयतेच घर मिळते.

लव्हाळ्याची वेगळी दखल घ्यायला हवी. या तणाचा टोकदार कोंब प्लास्टिकलाही भोसकून वर येतो. ज्या शेतात लव्हाळा आहे तेथे वरची माती काढून टाकणे आणि तिचा भरावाच्या आतल्या बाजूस मुळीच उपयोग न करणे, एवढाच खात्रीचा इलाज आहे.

मापे आणि अंथरणी

कागदाचे माप खोदाईनंतरच घ्यावे. कागदावरचा ३० मीटर आणि पोकलेनने खोदलेला ३० मीटर यांत मीटरभराचा फरक सहज पडतो. एकास एक उतारावर तीन मीटर खोलीची तिरकी लांबी ४.२४ मीटर होते. तळाचे २४ मीटर, दोन बाजूंचे साडेआठ मीटर आणि काठ व चरासाठी प्रत्येक बाजूस दीड मीटर, असे मिळून साडेपस्तीस मीटर होतात. म्हणजे ९०० चौरस मीटरच्या तळ्याला जवळपास १,२६० चौरस मीटर कागद लागतो. येथे काटकसर केली की कागद उताराच्या पायथ्याशी टेकत नाही, झोळीसारखा अधांतरी राहतो. पाणी भरताना प्रथम तोच भाग तुटतो.

तापमानाकडेही दुर्लक्ष होते. बिनविणीचा ३० मीटर लांब एचडीपीई कागद दुपारी आणि पहाटे यांतील ३० अंशांच्या फरकाने १३ ते १८ सेंटीमीटर लहान-मोठा होतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद पहाटे आक्रसून स्वतःलाच ओढतो. म्हणून अंथरणी सकाळी, वारा पडलेला असताना करावी, थोडी सैल ठेवावी आणि काठचे चर कागद गार असताना बुजवावेत. सुरकुत्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. सुरकुती पडलेला कागद ताणलेल्या कागदापेक्षा सुरक्षित असतो. काम करणाऱ्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट नसावेत आणि तळ्यात विडी-सिगारेट तर मुळीच नसावी.

पट्ट्यांचे जोड गरम पाचरीच्या यंत्राने वितळवून दुहेरी रेघेत करतात. दोन रेघांमधील पोकळ नळीत हवा भरून दाब टिकतो का, हे पाहता येते. ही चाचणी मालकाने उभे राहून करून घ्यावी. काठापासून अर्धा ते एक मीटर अंतरावर दीड-दोन फूट खोल चर घेऊन कागदाची कड त्यात वळवायची आणि बारीक मातीने बुजवायची. पाण्याचा नळ कागदाला भोक पाडून बाहेर काढू नये. पाणी वरून मोटारीने किंवा वक्रनळीने घ्यावे. जेथे पाणी पडते तेथे कागदाचा आणखी एक तुकडा अंथरावा. पहिले फूटभर पाणी सावकाश भरू द्यावे. त्याच्या भाराने कागद हळूहळू जमिनीवर बसतो.

गळती ओळखावी कशी?

पातळी उतरली म्हणजे गळतीच, असे नाही. मोटार दोन-तीन दिवस बंद ठेवून पाण्याने भरलेली बादली तळ्यातच अर्धी बुडेल अशी ठेवावी आणि दोन्हीकडे खुणा कराव्यात. ऊन दोघांनाही सारखेच लागते. तळ्याची पातळी बादलीपेक्षा अधिक उतरली, तर तो फरक गळतीचा. पाणी उतरत उतरत एका रेषेवर स्थिरावले, तर छिद्र त्याच रेषेच्या आसपास शोधावे. पॉलिइथिलीनला बाजारातील साधा डिंक किंवा सोल्यूशन धरत नाही, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. जागा कोरडी करून, घासून, त्याच जातीच्या कागदाचे गोल कोपऱ्यांचे ठिगळ गरम हवेने वितळवूनच बसवावे लागते.

आक्षेप आणि धोका

अस्तराच्या शेततळ्यांविरुद्ध जलतज्ज्ञांचा एक आक्षेप आहे आणि तो डावलण्याजोगा नाही. मूळ कल्पना शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची होती. अस्तर नसलेले तळे त्यातले काही पाणी जमिनीतही मुरवते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल ५० हजार रुपये अनुदान होते, अस्तराचा खर्च त्यात नव्हता. कागद अंथरला, की तळ्याची टाकी होते. मग अनेक ठिकाणी ती विहिरी-विंधनविहिरींचे पाणी उपसून भरली जाते. जमिनीखाली सर्वांच्या वाट्याचे असलेले, उन्हापासून सुरक्षित पाणी वर आणून एकाच्या तळ्यात उघड्यावर ठेवायचे आणि त्यातले सहा लाख लिटर हवेत सोडायचे, हा व्यवहार बागायतदाराला परवडत असला तरी शेजारच्या विहिरीला परवडत नाही. पावसाळ्यात नाला वाहत असताना त्यातील पाणी उचलून भरलेल्या तळ्याला हा दोष लागत नाही. परवानगी आणि अनुदान देताना तळे कशाने भरणार, हे पाहण्याची पद्धत रुजली तर पुष्कळ वाद मिटेल.

दुसरा धोका जिवाचा आहे. ओला प्लास्टिकचा उतार शेवाळाने साबणासारखा निसरडा होतो. विहिरीला पायऱ्या किंवा दगडांच्या खाचा असतात, नदीला काठ असतो. येथे हाताला धरायला काहीच नसते. उत्तम पोहणाराही पाच-सहा वेळा घसरून थकतो. महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात शेततळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यांतील कित्येक घटनांत वाचवायला उतरलेला भाऊ किंवा बापही परत येत नाही. शहरातून हुरड्याला आलेली कुटुंबे निळे पाणी पाहून मुलांना काठावर सोडतात, तेव्हा त्यांना या उताराची कल्पना नसते.

तारेचे कुंपण आणि कुलूप लावलेले फाटक अस्तराच्या खर्चातच धरायला हवे. त्याखेरीज चारही बाजूंना भरावाबाहेर खुंट रोवून, हात-हात अंतरावर गाठी मारलेले जाड दोर थेट तळापर्यंत सोडावेत. तळाशी फूटभर पाणी असले तरी दोराचे टोक त्यात बुडालेले असावे. दोन-तीन टायरच्या ट्यूबा हवा भरून काठावर बांधून ठेवाव्यात. दोर कागदाला घासू नये म्हणून काठावर त्याच्याखाली कागदाची जादा पट्टी टाकतात. नायलॉनचा दोरही उन्हाने कुजतो; तो मार्चमध्ये, पाणी उतरू लागण्यापूर्वी, ओढून पाहावा लागतो.